अर्जांचा हिवाळा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की जळगावच्या बाजारात भरताची वांगी येतात. फिकट हिरवी, अंगावर पांढरट झाक असलेली, एक उचललं तरी ओंजळ भरून जावी एवढी. पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीच्या वळणावर बसणारी भाजीवाली ती टोपलीत कोंबत नाही. गोणपाट अंथरून त्यावर ओळीने मांडते. सकाळी हवेत गारवा असतो, पण उन्हात जाऊन उभं राहिलं की पाठ लगेच शेकून निघते. आमच्याकडे हिवाळा थोड्याच दिवसांसाठी येतो, म्हणून त्याचं कौतुक फार. घरोघरी शेतावरच्या भरीत पार्टीचे बेत सुरू होतात. आणि नेमके याच दिवसांत माझ्या फोनवर अनोळखी नंबरांवरून मेसेज येऊ लागतात. 'ताई, मी लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. माझा सीव्ही बघाल का?'

मी पुण्यात एका लॉ फर्ममध्ये वकील आहे आणि दर हिवाळ्यात आठ दिवस काढून घरी येते. परवा ओट्यावर उन्हात बसून असाच एक सीव्ही वाचत होते. सोबतच्या पत्राची पहिलीच ओळ होती, 'मला लहानपणापासून कॉर्पोरेट कायद्याची विलक्षण ओढ आहे.' मी एवढ्या मोठ्याने हसले, की आई पीठ लागलेले हात घेऊन बाहेर आली. तिला काय सांगणार? सहा वर्षांपूर्वी याच ओट्यावर बसून मी शब्दन् शब्द हेच वाक्य लिहिलं होतं, आणि तेव्हा कॉर्पोरेट कायदा म्हणजे नक्की काय, हे मला कोणी विचारलं असतं तर मी घाईघाईने पाणी प्यायला उठले असते.

मोठ्या शहरांतल्या फर्म उन्हाळ्याच्या सुटीत लॉच्या विद्यार्थ्यांना चार-चार आठवडे कामावर घेतात. इंटर्नशिप. त्यातली काही मुलं पुढे तिथेच नोकरीला लागतात, त्यामुळे त्या चार आठवड्यांसाठी देशभरातून अर्ज जातात. अर्ज करायचे ते हिवाळ्यात. मोठ्या कॉलेजांतल्या मुलांना हे पहिल्या वर्षापासून माहीत असतं. आम्हाला ते चौथ्या वर्षी कळलं, तेही एका ऑनलाइन व्याख्यानात. आमच्या कॉलेजच्या सूचनाफलकावर तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या वक्तृत्व स्पर्धेचा कागद पिवळा पडून लटकत होता. एका सरांकडे आम्ही चौकशी केली तेव्हा ते मायेनेच म्हणाले, की तिकडचे लोक इकडची मुलं घेत नाहीत, उगाच मनाला लावून घेऊ नका.

आम्ही म्हणजे मी आणि नीलोफर. नीलोफर धुळ्याची. तिच्या अब्बांचं आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत शिलाईचं दुकान आहे. कोट आणि सफारी ही त्यांची खासियत. ती जळगावात खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून शिकायची. पहिल्या वर्षी हजेरीपटावर आमची नावं लागोपाठ नसताना आम्ही शेजारी बसलो आणि मग पाच वर्षं बसतच राहिलो. मी बोलायला घाबरट आणि लिहायला धीट. ती बोलायला धीट आणि लिहायला कंटाळखोर. त्यामुळे दोघींचं मिळून एक बरं माणूस तयार व्हायचं.

सरांचं बोलणं ऐकून आम्ही कॉलेजच्या मागच्या कडुनिंबाखाली जाऊन बसलो. मग नीलोफरने माझ्या वहीचं शेवटचं पान उघडलं आणि रेघा मारायला सुरुवात केली. फर्मचं नाव, अर्ज पाठवल्याची तारीख, उत्तर. असे तीन रकाने.

ते दिवस आठवले की मला आधी आठवते ती गच्ची. खालाच्या घराच्या गच्चीवर दुपारच्या उन्हात सतरंजी टाकून आम्ही अर्ज लिहायचो. शेजारी खालाने वाळत घातलेल्या लाल मिरच्या, त्यांचा तिखट वास नाकात. लॅपटॉप एकच, माझा, आणि उन्हात त्याचा पडदा दिसायचा नाही, म्हणून डोक्यावरून ओढणी घेऊन त्या तंबूत दोन डोकी घालून आम्ही टाइप करत असू. सीव्ही एका पानाचा हवा असं त्या व्याख्यानात सांगितलं होतं. आमची अडचण उलटी होती, आमचं अर्धं पानही भरत नव्हतं. इतर मुलांनी कुठे कुठे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा जिंकलेल्या, परदेशी परिषदांत निबंध वाचलेले. माझ्याकडे तालुका पातळीवरचं निबंधाचं दुसरं बक्षीस. नीलोफरने कौशल्यांच्या खाली 'काज-बटण' असं लिहिलं. मी ते खोडलं. तिने पुन्हा लिहिलं. शर्टाचं काज न उसवता करून दाखवणारा एक तरी वकील मुंबईत असेल तर सांग, असं तिचं म्हणणं. शेवटी ते राहिलं.

अर्ज जात राहिले. सकाळी कॉलेजला निघण्याआधी ई-मेल बघायचा, मधल्या सुटीत बघायचा, घरी आल्यावर बघायचा. काही नाही. नाही म्हणणारं कोणी भेटलं तर माणूस थोडा वेळ रडून मोकळा होतो. पण काहीच न म्हणणाऱ्यांचं काय करायचं, हे कोणी शिकवलेलं नसतं. आपलं पत्र कोणी उघडलं का, उघडून हसलं का, की ते पोचलंच नाही, हे प्रश्न दिवसभर सोबत चालतात. वर्गात कराराचा कायदा शिकवत असताना मी प्रस्ताव आणि स्वीकृती हे शब्द वहीत उतरवून घेत होते आणि माझ्या मनात त्यांचा अर्थ भलताच होत होता. वहीतला तिसरा रकाना कोरा तो कोराच. तो बघवेना म्हणून नीलोफरने त्या रिकाम्या चौकटींत बॉलपेनने एकेक फूल काढायला सुरुवात केली. डिसेंबर उजाडेपर्यंत त्या पानावर बाग फुलली होती.

पहिलं उत्तर आलं ते नीलोफरला. ती कँटीनमधून धावत आली, फोन माझ्या हातात दिला आणि डोळे मिटून उभी राहिली. मी वाचलं. 'प्रिय रोहन, आपल्या अर्जाबद्दल आभार. खेद वाटतो की...' मी डोळे उघड म्हणाले. तिने वाचलं, दोनदा वाचलं, आणि मग आम्ही दोघी जिन्यावर बसून पोटात दुखेपर्यंत हसलो. त्यानंतर कित्येक दिवस मी तिला रोहन म्हणूनच हाक मारायची. पण त्या दिवशी घरी जाताना, रिक्षात बसल्यावर, ती तोच मेल पुन्हा उघडून बघत होती, हेही मला आठवतं.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, दिवाणी कोर्टात बेलीफ होते. कोर्टाचं समन्स घेऊन गावोगाव जायचं, ज्याच्या नावाचं आहे त्याच्या हातात द्यायचं, सही घ्यायची आणि परत येऊन कोर्टाला तसं लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. मूळचे पारोळ्याकडचे, त्यामुळे बाहेर शुद्ध मराठी आणि घरात अहिराणी. फार बोलत नसत. माझ्या अर्जांबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. एका रविवारी मी पत्राची प्रत ओट्यावर ठेवून पाणी प्यायला आत गेले, आणि बाहेर आले तर नाना चष्मा लावून ते वाचत होते. इंग्रजी त्यांना हळूहळू वाचता येतं. पूर्ण वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

"बठ्ठं बरोबर शे," ते म्हणाले. "पन यामा तू कोठे शेस?"

सगळं बरोबर आहे, पण यात तू कुठे आहेस. मला आधी राग आला. इतकी वाक्यं शोधून, जुळवून, तपासून लिहिलेली, आणि हे काय विचारणं. पण ते पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की ते कोणाचंही असू शकतं. रोहनचंसुद्धा.

त्या दिवशी मी दुसरं पत्र लिहायला बसले. लहानपणी शाळेला सुटी असली की नाना कधीकधी मला स्कूटरवर मागे बसवून समन्स बजावायला नेत. गिरणाकाठच्या एका गावात एकदा एका म्हातारीच्या नावाचा कागद होता. तिच्या दिराने जमिनीच्या वाटणीचा दावा लावला होता. ती चुलीपुढून उठून आली, कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "माले वाचता येत नही, भाऊ. तूच वाचीसन सांग." नानांचं काम कागद देऊन संपलं होतं. पण ते तिच्या अंगणात मांडी घालून बसले. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग तारीख कुठली, कोर्ट कुठल्या मजल्यावर, जाताना कोणते कागद न्यायचे, आणि मुख्य म्हणजे न घाबरता जायचं, हे सांगितलं. तिने अंगठा उमटवला आणि मला गुळाचा खडा दिला. कायदा माणसाच्या दारात कसा येतो, ते मी तिथे बघितलं, असं मी पत्रात लिहिलं. कॉर्पोरेट कायद्याची ओढ काढून टाकली. त्याबद्दल फार काही माहीत नाही, पण शिकायला आवडेल, असं सरळ लिहिलं.

ते पत्र मी मुंबईतल्या एकाच फर्मला पाठवलं. नीलोफरनेही तिथेच अर्ज केला, आणि तिच्या पत्रात तिने अब्बांच्या दुकानात येणाऱ्या वकिलांची मापं घेताना ऐकलेल्या गोष्टी लिहिल्या होत्या. दहा दिवसांनी आम्हा दोघींनाही लेखी चाचणी आली. एका काल्पनिक प्रकरणात कायदेशीर नोटीस लिहायची, वेळ दोन तास. आम्ही कॉलेजच्या ग्रंथालयात समोरासमोर बसून ती लिहिली, एकमेकींकडे न बघता. त्यानंतर पुन्हा शांतता. नीलोफरने दोन चौकटींत दोन फुलं काढून ठेवली.

जानेवारीतल्या एका शनिवारी माझ्या मामाने भरीत पार्टी ठरवली. मामाचं शेत चोपड्याच्या अलीकडे, तापी ओलांडून गेल्यावर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, त्यांच्यामागे वेचणी संपत आलेली कपाशी, आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. नीलोफर आमच्यासोबत होती. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग पेटवून त्यात वांगी टाकली होती. धूर सरळ वर न जाता अंगावर यायचा आणि सगळ्यांचे डोळे लाल. वांग्याची साल तडकली की आतून चुर्र असा आवाज येतो, आणि जो वास सुटतो त्याला मी आजवर दुसरी उपमा शोधू शकलेले नाही. मामी एका बाजूला पुऱ्या लाटत होती. आम्ही दोघी भाजलेली वांगी सोलत होतो, बोटं काळी, चटके बसताहेत, फुंकर मारत आणि मधूनच गरातला एखादा तुकडा तोंडात टाकत.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मुंबईचा नंबर. पलीकडच्या मुलीने फर्मचं नाव सांगितलं आणि विचारलं, की आज चार वाजता व्हिडिओवर मुलाखत देऊ शकाल का, मुलाखत घेणाऱ्या मॅडम पुढचा महिनाभर बाहेर आहेत. मी हो म्हणाले. मग सवयीने विचारून बसले, की माझ्या मैत्रिणीलाही बोलावलं आहे का. तिने नम्रपणे सांगितलं, की यादीत त्या कॉलेजचं एकच नाव आहे.

फोन ठेवला तेव्हा तीन वाजून गेले होते. नीलोफरने सगळं ऐकलं होतं. तिच्या हातात अर्धं सोललेलं वांगं होतं. मी म्हणाले, की जमणार नाही असं कळवते त्यांना, शेतात आहे, इथे रेंज नाही. खरं तर रेंज होती. मी खोटं बोलत होते, आणि ते तिलाही कळत होतं.

तिने ते वांगं पूर्ण सोललं, परातीत ठेवलं, उठून पाटाच्या पाण्यात हात धुतले.

"मला फोन आला असता तर तू काय केलं असतंस?" ती म्हणाली. "तेच मी करणार आहे. ऊठ."

आणि तिने खरोखर सगळं हातात घेतलं. माझ्या ओढणीवर तेलाचा डाग पडला होता, तर स्वतःची साधी करड्या रंगाची ओढणी काढून मला दिली आणि माझी आपण घेतली. कपाळावरची काजळी पुसली. मामाला विचारलं, की इथे नेट कुठे चांगलं चालतं. रस्त्याकडेला केळी धुऊन खोक्यांत भरायची मोठी शेड होती, तिथल्या मॅनेजरकडे वायफाय होतं. मामाने मला मोटरसायकलवर बसवलं, नीलोफर मागून चालत आली.

शेडमध्ये पाण्याच्या टाक्यांत हिरव्या केळीच्या फण्या तरंगत होत्या. रबरी हातमोजे घातलेल्या दहा-बारा बाया त्या धुऊन पुढे सरकवत होत्या. केळीच्या चिकाचा तुरट वास, ओली जमीन, कोपऱ्यात गाणी लावलेला रेडिओ. नीलोफरने रिकामी खोकी एकावर एक रचून टेबल केलं, त्यावर फोन टेकवून उभा केला, आणि उजेड तोंडावर येईल असं मला बसवलं. मामा शेडच्या मधोमध उभा राहिला.

"बठ्ठा चूप बसा. भाचीनी परीक्षा शे."

रेडिओ बंद झाला. बायांनी हात थांबवले. इतकी शांतता झाली, की टाकीत पडणाऱ्या पाण्याची धार तेवढी ऐकू येत होती.

पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, बारीक फ्रेमचा चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. त्यांनी आधी विचारलं, की तुमच्या मागे हे काय आहे. केळी, मी म्हणाले, आणि मग मी कुठे आहे आणि का आहे हे सगळं सांगून टाकलं. भरीतसुद्धा. त्यांनी मान डोलावली. माझं पत्र त्यांच्यासमोर होतं. त्यांनी विचारलं, समन्स घेऊन गेल्यावर घरात फक्त नोकर असेल तर त्याच्या हातात दिलेलं चालतं का. नाही, मी म्हणाले, घरातलं सज्ञान माणूस हवं, नोकर कुटुंबात मोडत नाही. आणि कोणी घ्यायलाच तयार नसेल तर? मग घराच्या दर्शनी दारावर चिकटवायचं, घर कोणी दाखवलं, समोर कोण होतं, हे नावांसकट लिहून कोर्टाला परत करायचं. इथपर्यंत पुस्तक होतं. पण माझ्या तोंडून पुढचं वाक्यही निघून गेलं.

"माझे वडील चिकटवायच्या आधी ते मोठ्याने वाचतात, मॅडम. दार बंद असलं तरी आतलं माणूस ऐकत असतं."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी भागधारकांच्या करारातल्या एका कलमाबद्दल विचारलं, त्याचं नावही मी पहिल्यांदाच ऐकत होते. माहीत नाही, म्हणाले. दुसरं विचारलं. तेही माहीत नाही. नीलोफर फोनच्या मागे उभी होती, ती ओठ दाबून माझ्याकडे बघत होती. शेवटी त्यांनी विचारलं, की तुम्हाला काही विचारायचं आहे का. त्या व्याख्यानात सांगितलं होतं, की इथे फर्मच्या भवितव्याबद्दल काहीतरी हुशारीचं विचारावं. मी ते पाठही केलं होतं. पण समोर नीलोफर माझ्या डागाळलेल्या ओढणीत उभी होती.

"नाही म्हणायचं असलं तरी कळवाल का?" मी म्हणाले. "आम्ही खूप ठिकाणी लिहितो. कोणी काहीच कळवत नाही."

त्यांनी ते कागदावर टिपून घेतलेलं मी पाहिलं. मग पडदा काळा झाला. शेडमधल्या एका बाईने विचारलं, पास झाली का. मामा म्हणाला, झाली. रेडिओ पुन्हा सुरू झाला. आम्ही शेतावर परतलो तेव्हा भरीत तयार होतं, कांद्याची पात आणि शेंगदाणे घातलेलं, वर तेलाचा तवंग. मी आणि नीलोफरने एकाच ताटात खाल्लं. तशी भूक मला पुन्हा कधी लागली नाही.

संक्रांत झाली, थंडीचा जोर ओसरला, सत्राची परीक्षा संपून नीलोफर धुळ्याला गेली. आणि एका मंगळवारी सकाळी ई-मेल आला. मे महिन्यात चार आठवडे. आईने आधी विचारलं, की तिथे जेवायचं काय करशील. नानांनी तो मेल तीनदा वाचला. मग विचारलं, खाली सही कोणाची आहे. मी नाव सांगितलं. बरं, म्हणाले, आणि बाहेर जाऊन स्कूटर पुसायला लागले. स्कूटर स्वच्छच होती. ते तिचा आरसा पुसत राहिले, पुसत राहिले, आणि मी खिडकीतून बघतेय हे कळल्यावर त्यांनी पाठ फिरवली.

नीलोफरला फोनवर सांगायला मन धजेना. मी धुळ्याची एसटी धरली. एरंडोल, पारोळा, शेतांत हरभरा आणि गहू, खिडकीतून कोवळं ऊन मांडीवर. आनंद झालेला असताना तो लपवून प्रवास करणं ही विचित्र गोष्ट आहे. वाक्यं जुळवत होते, मोडत होते. दुकानात पोचले तेव्हा ती मशीनवर बसून एका कोटाचं अस्तर शिवत होती. मी तोंड उघडायच्या आत तिने हात वर करून मला थांबवलं.

"मला उत्तर आलं," ती म्हणाली.

तिचा चेहरा इतका फुललेला होता, की मला वाटलं दोघींचं झालं. तिने फोन दिला. पहिली ओळ होती, 'प्रिय नीलोफर'. पुढे लिहिलं होतं, की या वेळी जागा देता येत नाही. तुमची नोटीस आलेल्या सर्व नोटिसांमध्ये वाचायला सर्वांत सोपी होती. एक कलम चुकलं आहे, ते अमुक, तेवढं बघून घ्या. पुढच्या वर्षी पुन्हा लिहा. खाली त्या बाईंचं नाव.

"नाहीच म्हणाल्या," नीलोफर म्हणाली, "पण माझं नाव बरोबर लिहून नाही म्हणाल्या. आणि माझी नोटीस वाचली त्यांनी. पूर्ण वाचली."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती, दोन्ही खरं होतं. मग तिने विचारलं, आणि तुझं? मी होकाराची मान डोलावली. तिने मशीनवरूनच मला मिठी मारली, सुई-दोऱ्यासकट. अब्बा कापड बेतत होते. त्यांनी कात्री खाली ठेवली. गळ्यातली टेप काढली आणि मला सरळ उभं राहायला सांगितलं.

"कोट काळाच हवा ना, बेटा? खांद्यात ढिला नको."

ते मापं सांगत गेले आणि नीलोफर लिहून घेत गेली. खांदा, बाही, उंची. लिहिताना ती प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत होती, आणि शेजारचा चहावाला कशाची गडबड आहे म्हणून डोकावला, तर त्याला तिनेच सांगितलं, की आमची हर्षदा मुंबईला चालली.

मुंबईचे चार आठवडे मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. काचेच्या भिंती, कॉफीचं न समजणारं यंत्र, माझ्यापेक्षा भराभर बोलणारी मुलं. दुसऱ्या आठवड्यात एका कंपनीने घेतलेल्या जमिनीचे जुने कागद आले, सातबारे आणि मोडक्या अक्षरातले फेरफार, आणि त्या मजल्यावर ते घडाघडा वाचू शकणारी मी एकटी निघाले. तीन दिवस लोक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहत होते. नीलोफरने तो मे धुळ्यातच एका वकीलबाईंकडे काढला. कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात ती इतक्या बायकांशी बोलली, की जूनमध्ये लोक त्या वकीलबाईंना सोडून हिलाच शोधत यायला लागले. पुढच्या वर्षी पुन्हा लिहा, असं त्या मेलमध्ये होतं. तिने लिहिलं नाही. तिला तिची जागा सापडली होती. आज दुकानाच्या वरच्या माळ्यावर तिचं ऑफिस आहे, आणि जिन्यात तिच्या नावाची पाटी.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज घाबरलेला. दोंडाईच्याच्या एका मुलीने तिच्याकडे इंटर्नशिपसाठी अर्ज केला होता, नीलोफरकडे आलेला पहिलाच. मुलाखत घ्यायची असते ना, तर त्यात काय विचारतात, हे नीलोफरला मला विचारायचं होतं. मी अनुभवी माणसाच्या थाटात सहा-सात प्रश्न सांगितले. हे क्षेत्र का निवडलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, असले. तिने सगळे लिहून घेतले, आभार मानले आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. मी विचारलं, झाली का मुलाखत, कोणकोणते प्रश्न विचारलेस.

"फोनवर एकच विचारला," नीलोफर म्हणाली. "कधीपासून येशील?"

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, मॅडम, मी खाली दुकानापाशीच उभी आहे."